कंडिशनर घ्यावा की अर्थिंग खणावी? 'स्वच्छ' विजेनं रेकॉर्डिंग सुधारतं का?

शहापुरी_सूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात घराच्या माडीवर छोटा स्टुडिओ थाटलाय. भजनी मंडळांचे अभंग, दुकानांच्या जाहिराती, मराठी आणि कन्नड दोन्ही व्हॉइसओव्हर, असलं काम असतं. सामान म्हणाल तर दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा खोका), एक कंडेन्सर माइक, पॉवर्ड मॉनिटरची जोडी, कीबोर्ड, लॅपटॉप. शिवाय काकांच्या ऑर्केस्ट्राच्या काळातला आठ चॅनलचा मिक्सर. त्याचा प्रीअँप (माइकचा बारीक आवाज मोठा करणारा भाग) मला आवडतो, म्हणून माइक त्यातूनच इंटरफेसला जातो.

त्रास असा: मागं सतत बारीक घूं. दिवसा गाण्याखाली दडते, पण संध्याकाळी सहा-सातनंतर तिला झर्रर्र अशी धार येते. हार्मोनियम थांबली आणि नुसता तानपुरा राहिला की सरळ उघडी पडते.

एका दुकानदारानं चाळीस हजारांचा पॉवर कंडिशनर, म्हणजे भिंतीतली वीज 'गाळून' देणारा खोका, सुचवलाय. म्हणे घूं तर जाईलच, वर आवाज 'उघडेल', बेस घट्ट होईल, तानपुऱ्याची आस लांबेल. मित्र म्हणतो त्यापेक्षा ऑनलाइन यूपीएस घे. माझे प्रश्न दोन आहेत, कृपया त्यांची खिचडी करू नका. वीज स्वच्छ केली तर घूं जाते का? आणि घूं नसतानाही स्वच्छ विजेनं आवाज सुधारतो का?

एकशेएक_टक्के

कुंदा घेऊन बसलोय. चालू द्या.

फेज_न्यूट्रल

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सोपा आहे.

तुमच्या स्टुडिओतली एकही वस्तू भिंतीतल्या 230 व्होल्ट एसीवर थेट 'वाजत' नाही. वीज आत शिरली की आधी तिची डीसी होते. एसएमपीएस (हल्लीच्या चार्जरसारखा स्विचिंगचा पॉवर सप्लाय) असेल तर पहिल्याच टप्प्यात साधारण सव्वातीनशे व्होल्ट डीसी, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे, मग लहान ट्रान्सफॉर्मर, मग पुन्हा डीसी, मग व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर. तुमचा इंटरफेस तर यूएसबीच्या 5 व्होल्टवर चालतो आणि माइकला लागणारी 48 व्होल्टची वीज, म्हणजे फँटम, त्यातूनच आतल्या आत तयार करतो. एवढ्या पायऱ्या उतरल्यावर भिंतीतली वीज किती 'गोंडस' होती याची आठवण त्या 5 व्होल्टला राहत नाही. घरी आरओ असताना बाहेरून बिसलेरीचे कॅन आणून त्याच टाकीत ओतायचे, असला प्रकार आहे हा.

घूं वेगळी गोष्ट. ती बहुतेक वेळा विजेच्या 'गुणवत्ते'तून येत नाही, जोडणीतून येते. दोन यंत्रं दोन वेगळ्या वाटांनी अर्थला जोडलेली असली आणि त्यांच्यात ऑडिओची केबलही असली, की एक वेटोळं तयार होतं. त्यातून बारीक करंट फिरतो आणि तो केबलच्या शील्डवर (तारेभोवतीच्या जाळीवर) बसून आवाजात शिरतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

एक पैसाही खर्च करायच्या आधी दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज याचा आलेख, बघा. आपली वीज 50 हर्ट्झची. नुसता 50 चा सुळका आणि सोबत थोडा 150 चा दिसला, तर जवळ कुठलातरी ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर आहे आणि तिचं चुंबकीय क्षेत्र केबलमध्ये किंवा गिटारच्या पिकअपमध्ये शिरतंय. 100, 200, 300, 400 अशी सुळक्यांची रांग असेल, तर कुठल्यातरी पॉवर सप्लायचा रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) बोलतोय. कानाला पहिलं 'घूं' लागतं, दुसरं 'झर्र'.

निपाणीचा_तंबोरा

फेज_न्यूट्रल, पुस्तकी उत्तर छान आहे. माझ्याकडं कंडिशनर आहे, दोनेक वर्षं वापरतोय. लावला त्या दिवशी बायको आतून ओट्यावरून म्हणाली, "आज काय वेगळं लावलंय?" तिला मी काही सांगितलंसुद्धा नव्हतं. गायक आणि वाद्यांमधली हवा ऐकू येते. आणि रात्री एकनंतर तर सिस्टिम स्वर्गीय वाजते, कारण तेव्हा लाईनवर लोड नसतो. हे ज्यानं ऐकलंय त्यालाच कळणार.

लाल_माती

तंबोराबुवा, रात्री एकनंतर शेजारचा टीव्ही बंद असतो, स्वयंपाकघरातला मिक्सर बंद असतो, पाण्याची मोटर बंद असते, कुत्री सोडून सगळी झोपलेली असतात. खोलीच शांत होते हो! शांत खोलीत बारीक तपशील ऐकू येतात, त्यात विजेचा काय संबंध?

वहिनींनी "आज काय वेगळं लावलंय" असं विचारलं ते आवाजाबद्दल की बिलाबद्दल, हेही एकदा विचारून घ्या. (हलके घ्या.)

वडगावकर

आमच्या घरी माग हायेत, म्हणून लिहायलोय. शहापूर, वडगाव, खासबाग, सगळीकडं यंत्रमागाचा लोड एकाच ट्रान्सफॉर्मरवर पडतोय बगा. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढती. बल्ब डिम होतोय ते डोळ्यानं दिसतंय की. सांजच्याला घराघरांतले लाईट, टीव्ही, त्यात माग, मग व्होल्टेज बसतंय. सूरदादा, तुमचं घर गल्लीच्या टोकाला हाय काय? टोकाच्या घराला सगळ्यात कमी येतंय.

आनि दुसरं. माग विजेतनं येतोय की भिंतीतनं येतोय, ते आधी ठरवा. आमच्या पोरानं मोबाईलवर रील केली, मागं खटाखट खटाखट. त्येला कुठला कंडिशनर लावणार?

फेज_न्यूट्रल

वडगावकरांचा मुद्दा लाखमोलाचा. ओळखायची युक्ती सांगतो. एक्सएलआरचा (माइकच्या तीन पिनांच्या जोडणीचा) एक मेल प्लग घ्या, आत 2 आणि 3 नंबरच्या पिनांमध्ये 150 ओमचा रेझिस्टर डकवा. माइक काढून तो मिक्सरला लावा, फँटम बंद ठेवा. मिक्सरला वाटतं माइकच आहे, पण त्याला कान नाहीत. आता घूं गेली तर ती खोलीतून किंवा माइकच्या केबलमधून येत होती. तशीच राहिली तर दोष मिक्सरमध्ये किंवा त्याच्या पुढं आहे.

खानापूरची_अक्का

मी गाणं शिकवते, इलेक्ट्रिकचं मला ओ का ठो कळत नाही, पण आमच्याकडं जे झालं ते सांगते. ऑनलाइन क्लाससाठी माइक घेतला आणि लॅपटॉपला हात लावला की मुंग्या यायच्या. अनवाणी असले तर जास्तच. रेकॉर्डिंगमध्ये झर्र होतीच. चार्जर काढला की मुंग्या बंद, झर्रपण बंद.

वायरमनला बोलावलं. तो आधी म्हणाला, "अर्थिंग आहे की अक्का, ही बघा हिरवी वायर." मी म्हटलं वायर दिसतेय, जाते कुठं ते दाखव. हिरवी वायर न्हाणीघरामागच्या जुन्या लोखंडी नळाला गुंडाळलेली. वर घट्ट, छान, सोल्युशन टेप वगैरे लावून. आणि तो नळ जमिनीत हातभर गेला की पुढं सगळा पीव्हीसी! गेल्या दुरुस्तीत पाइप बदलला, अर्थिंग कुणाच्या ध्यानातच नाही. म्हणजे अख्ख्या घराची अर्थ प्लॅस्टिकला बांधलेली.

मग नवा खड्डा खणला. इकडं सगळा जांभा, पहार लावली की ठिणगी उडते. इलेक्ट्रोड, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला पाइप. पावसाळ्यात आमच्याकडं जमीन कायम ओली, काही बघावं लागत नाही. पण एप्रिल-मेमध्ये जांभा खडखडीत वाळतो, तेव्हा अधूनमधून घागरभर पाणी ओतते. मुंग्या गेल्या, झर्र गेली. खर्च कंडिशनरच्या पासंगालाही पुरणार नाही.

एकशेएक_टक्के

"अर्थ प्लॅस्टिकला बांधलेली"... हसून हसून पुरे वाट. आमच्या नगरसेवकांच्या आश्वासनांना हेच नाव देतो.

उद्यमबाग

अक्का, दंडवत. वायर कुठं जाते ते विचारणारा गिऱ्हाईक मी आजवर पाहिला नव्हता.

मुंग्यांचं कारण सांगतो. लॅपटॉपच्या एसएमपीएसमध्ये मेन्स (भिंतीतली वीज) आणि आउटपुट यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात, रेडिओसारखा गोंगाट गाळायला. त्यांतून अगदी थोडा करंट गळतो. अर्थ असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर तुमच्यातून किंवा ऑडिओ केबलच्या शील्डमधून. दोन पिनांचे चार्जर असतात तिथं हे नेहमीचंच.

मी उद्यमबागेत मशिनांच्या मेंटेनन्सला आहे. आजूबाजूला फाऊंड्र्या, इंडक्शन फर्नेस. 'घाणेरडी वीज' बघायची असेल तर या एकदा आमच्याकडं. त्यामुळं या खोक्यांचं थोडं सांगू शकतो, कारण दुकानात सगळ्यांनाच 'पॉवर क्लीनर' म्हणून खपवतात. सर्वो स्टॅबिलायझर फक्त व्होल्टेज वरखाली करून 230 जवळ ठेवतो, गोंगाट गाळत नाही. स्टुडिओला विकतात त्यातल्या बऱ्याच कंडिशनरच्या आत गोंगाटाचा फिल्टर आणि झटका शोषणारे एमओव्ही, बस एवढंच. 190 आत गेले तर 190 च बाहेर येणार. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मेन्सपासून तोडतो, पण त्याच्या पुढं तुम्ही पुन्हा चार यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली तर लूप तिथंही होणारच. ऑनलाइन यूपीएस मात्र खरंच सगळी वीज डीसी करून पुन्हा नवी साइन वेव्ह बनवतो. पण त्याचा पंखा असा घोंगावतो की त्याच खोलीत कंडेन्सर माइक लावणं म्हणजे घूं विकत घेणं.

आणि घरचा स्वस्तातला इन्व्हर्टर चौकोनी वेव्ह देतो. लाईट गेल्यावर रेकॉर्डिंग सुरू ठेवलं तर पंखे, ट्रान्सफॉर्मर, सगळे कण्हायला लागतात. तिथं मात्र विजेचा आकार ऐकू येतो, यात वाद नाही. प्युअर साइन वेव्हचा घ्या किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

लाल_माती

अवांतर: कुमार गंधर्व इथलेच, सुळेभावीचे, 1924 चा जन्म. लहानपणी ऐकलेल्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचे. त्या तबकड्यांत खरखर किती होती आणि त्यातून त्या मुलानं काय काय उचललं! आपण चाळीस हजारांवर अडलोय.

निपाणीचा_तंबोरा

लाल_माती, कुमारांचं नाव काढून मुद्दा जिंकता येत नाही. त्या तबकड्यांवर खरखर नसती तर कुमारांना वाईट वाटलं असतं का?

आणि उद्यमबाग, तुमच्या पोस्टीतच माझ्या बाजूचा पुरावा आहे. माझा व्हॉल्व्हचा अँप आहे, त्यात टोरॉइडल, म्हणजे गोल कड्यासारखा, ट्रान्सफॉर्मर. कंडिशनर नसताना तो अधूनमधून स्वतःच गुरगुरतो. लावल्यावर कमी.

उद्यमबाग

हा मुद्दा रास्त आहे. शेजारी कुणी हेअर ड्रायर किंवा हीट गन अर्ध्या पॉवरवर चालवली, तर त्यातल्या काही साइन वेव्हचा अर्धाच भाग ओढतात. त्यामुळं एसीवर थोडा डीसी चढतो. टोरॉइडला हे अजिबात खपत नाही, गाभा संपृक्त होतो आणि पत्रा गुरगुरायला लागतो. पण ही गुरगुर स्पीकरमधून येत नाही, खोक्यातून येते. माइक जवळ असेल तर रेकॉर्डिंगमध्येही येईल. तुमच्या कंडिशनरमध्ये डीसी अडवायची सोय असेल, तर तो ते काम खरंच करतोय. पण 'गायक आणि वाद्यांमधली हवा' हे त्याचं काम नव्हे.

फेज_न्यूट्रल

हवेचा निकाल लावायचा तर सोपं आहे. एकच फाइल इंटरफेसच्या आउटपुटमधून वाजवा, केबलनं त्याच्याच इनपुटला परत रेकॉर्ड करा. एकदा कंडिशनरसह, एकदा त्याच्याशिवाय. गेनला हात लावायचा नाही. दोन्ही रेकॉर्डिंग नमुन्याला नमुना जुळवा, एकाची पोलॅरिटी उलटी करा (लाट वरची खाली) आणि बेरीज करा, म्हणजे सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकेल. जे उरेल तो फरक. आणि हो, काहीही न बदलता पण दोन वेळा रेकॉर्ड करा, म्हणजे नुसत्या योगायोगानं किती उरतं तेही कळेल. हे सोडून लोक तुलना करतात आणि मग कंडिशनरचा चमत्कार सापडतो.

एक धोक्याची गोष्ट ठळक अक्षरात: घूं घालवायला कुणीही तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढू नका. घूं जाते, खरं आहे. पण उद्या मिक्सरच्या आत फेज बॉडीला लागला तर गायकाच्या ओठाला माइकची जाळी आणि हातात गिटार, करंट मधून जाणार. त्याहून वाईट म्हणजे बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे वायरमन. टेस्टरला सगळं ठीक दिसतं आणि एक दिवस न्यूट्रल तुटली की सगळ्या यंत्रांची बॉडी फेजवर. लूप तोडायचा असेल तर ऑडिओच्या बाजूनं तोडा: बॅलन्स्ड (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळी शील्ड असलेली) टीआरएस किंवा एक्सएलआर केबल, नाहीतर वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स आणि त्याचं शील्डची जोडणी तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण. आणि घरात 30 मिलिअँपचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो कंडिशनरच्या आधी.

काकतीकर_गिटार

+1. माझ्या सिंगल कॉइल गिटारची घूं पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळं होती. पंखा पाचवर केला की गप्प. टेक घेताना पंखा फुल किंवा बंद, बस्स.

शहापुरी_सूर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. रविवारी सगळं काढून बसलो होतो. आणि विशेष म्हणजे तंबोराबुवा निपाणीहून स्वतःचा कंडिशनर गाडीत घालून आले! भांडणारा माणूस असा असावा.

घूं एक नव्हती, दोन निघाल्या. लॅपटॉप बॅटरीवर घेतला तर घूं निम्मी झाली. कीबोर्डची केबल उपटली तर ती पूर्ण गेली. कीबोर्ड साध्या मोनो केबलनं जोडलेला होता. तिथं डीआय लावला, लिफ्टचं बटण दाबलं, विषय संपला. मॉनिटर, लॅपटॉप, मिक्सर सगळे एकाच बोर्डावर आणले.

संध्याकाळची झर्र मात्र गेली नाही. 150 ओमचा प्लग लावूनही तशीच. स्पेक्ट्रमवर 100, 200, 300 अशी शिडी. वडगावकर, तुमचं बरोबर, घर गल्लीच्या टोकालाच आहे. मल्टिमीटरनं दुपारी 226 दाखवलं आणि सातच्या सुमाराला 184. माइक थेट इंटरफेसला लावला तर झर्र नाही. म्हणजे मिक्सरच. कंडिशनर मध्ये घातला तरी झर्र जशीच्या तशी.

मग तंबोराबुवांसमोर फेज_न्यूट्रल यांची उलट्या पोलॅरिटीची चाचणी केली, मिक्सर बाजूला ठेवून. कंडिशनरसह आणि कंडिशनरशिवाय यांतला उरलेला आवाज, आणि काहीही न बदलता घेतलेल्या दोन रेकॉर्डिंगमधला उरलेला आवाज, सारखेच. दोन्हीकडं नुसती इंटरफेसची स्वतःची हिस्स.

फेज_न्यूट्रल

184! सगळा उलगडा झाला. मिक्सर जुना, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि बहुधा 15 व्होल्टचे रेग्युलेटर. अशा रेग्युलेटरला आत दोनेक व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे 17 च्या वर. समजा 230 ला आत 21 येत होते, तर 184 ला पावणेसतराच येणार. तिथं रेग्युलेटर हात टेकतो आणि रेक्टिफायरचा 100 हर्ट्झचा हेलकावा सरळ ऑडिओत सोडतो. लॅपटॉप आणि मॉनिटरचे एसएमपीएस 100 ते 240 पर्यंत चालणारे असतील, म्हणून त्यांना 184 चं काहीच वाटत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच घरी मिळालं. वीज आवाजात येते, पण 'मळलेली' म्हणून नाही, यंत्राच्या किमान गरजेखाली गेली म्हणून. त्याला कंडिशनर नको, फक्त मिक्सरपुरता छोटा स्टॅबिलायझर पुरे. रिलेवाला घेतलात तर खोलीबाहेर ठेवा, व्होल्टेज बदललं की टक्‌ करतो आणि तो टक्‌ माइकात येतो. मिक्सरचे मोठे कपॅसिटरही बदलून घ्या. इतक्या वर्षांत सुकले असतील, त्यानं हेलकावा आणखी वाढतो.

निपाणीचा_तंबोरा

चाचणी मी डोळ्यांनी पाहिली, नाकारत नाही. शहापूरच्या जेवणाबद्दलही तक्रार नाही. पण ती चाचणी इंटरफेसवर झाली, माझ्या व्हॉल्व्ह अँपवर नाही. माझा कंडिशनर मी विकत नाही. मे महिन्यात वळवाच्या विजांत शेजाऱ्यांचा टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स दोन्ही गेले, माझं सगळं शाबूत राहिलं. तेवढ्यासाठी तरी तो ठेवणार.

उद्यमबाग

त्यासाठी जरूर ठेवा. फक्त त्याच्या मागची अर्थिंग तपासा. एमओव्हीनं झटका नीट उतरवायचा तर अर्थ चांगली हवी. आणि वीज अगदी जवळ पडली तर कुठलाच खोका कामाचा नाही, ढग गडगडायला लागले की प्लग उपटा.

वडगावकर

सूरदादा, स्टॅबिलायझर आणलासा की सांगा. आमच्या पोराचं भजन रेकॉर्ड करायचंय. माग बंद ठेवून येतो.

खानापूरची_अक्का

मला एक विचारायचं होतं. माझ्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा अ‍ॅडॉप्टर बिघडला म्हणून बाजारातून दुसरा आणला, 9 व्होल्टचाच. तेव्हापासून षड्जाखाली घूं आहे. अर्थिंग तर चांगली आहे. आता काय?

फेज_न्यूट्रल

अक्का, तानपुरा सेलवर चालवून बघा. घूं गेली तर अ‍ॅडॉप्टरच. स्वस्त ट्रान्सफॉर्मर अ‍ॅडॉप्टरमध्ये रेग्युलेटर नसतो, गाळणीचा कपॅसिटरही चिमुकला. रेग्युलेटेड लिहिलेला घ्या, अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त. आणि पिनेचं प्लस आत आहे की बाहेर ते जुन्यावरच्या चित्राशी ताडून बघितल्याशिवाय लावू नका.